इंग्रजी सुधारायचंय: क्रूझला जावं, घरी ऐकावं, की क्लास लावावा?

मुलगा किंवा मुलगी परदेशात, तिकडे चार-सहा महिने राहायला जायचं ठरलेलं, आणि आपलं इंग्रजी मात्र पाटी वाचण्यापुरतं. जळगाव-धुळ्याकडे अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. मग कुणीतरी सुचवतं, "आप्पा, क्रूझ करून या. आठ दिवस जहाजावर राहिलात की इंग्रजी आपोआप येतं." दुसरा क्रूझ सफरीच्या गोष्टीतून इंग्रजी शिकवणाऱ्या यूट्यूबवरच्या धड्यांची लिंक पाठवतो. तिसरा स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा पत्ता देतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. निव्वळ इंग्रजीसाठी क्रूझचं तिकीट काढू नका. मात्र जायचंच असेल, तर जहाज कोणतं आणि रोज जेवायला कुठे बसायचं, या दोन गोष्टींवर बरंच काही ठरतं.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना क्रूझचा विषय आवडतो, तो उगाच नाही. ओळखपत्र दाखवणं, खोलीची चावी घेणं, न्याहारी, लिफ्टमधलं बोलणं, दुकान, डॉक्टर, तक्रार, शेवटी बिल. रोजच्या जगण्यातले बहुतेक प्रसंग तिथे एकाच छपराखाली घडतात. शिवाय तिथले बरेच कर्मचारी फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत, पूर्व युरोप इथून आलेले असतात. इंग्रजी त्यांनीही शिकूनच घेतलेलं, त्यामुळे वाक्यं छोटी असतात आणि समोरचा अडखळला तरी कुणाला नवल वाटत नाही. जहाजांच्या दुनियेत साध्या इंग्रजीला नियमांचंही पाठबळ आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजावरच्या संवादासाठी ठरावीक वाक्यांचा एक संचच मंजूर केला. प्रवाशांना द्यायच्या सुरक्षेच्या सूचनाही त्यात आहेत.

मस्टर ड्रिल, म्हणजे जहाज सुटताना होणारी सुरक्षेची कवायत, बरेच जण कंटाळून उरकतात. शिकणाऱ्याने ती मन लावून बघावी. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की जमायचं, हे सांगतात. लाइफ जॅकेट अंगात घालून दाखवतात. 'पुट इट ओव्हर युअर हेड' ऐकू येतं तेव्हा समोरचा माणूस तेच करत असतो. हल्ली बऱ्याच जहाजांवर ही माहिती केबिनमधल्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर बघायची आणि मग नेमून दिलेल्या जागी हजेरी द्यायची असते. मग तर ती पुन्हा लावूनही ऐकता येते.

आता प्रश्न कुठल्या जहाजाचा. आपल्याला सगळ्यात सोयीचं मुंबईचं. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज २०२१ पासून तिथून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करतंय. भुसावळ किंवा जळगावहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी सीएसएमटी. तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने अगदी जवळ. व्हिसाची भानगड नाही, शाकाहारी आणि जैन जेवणाचा प्रश्न नाही. पण नेमकं या सोयीनेच इंग्रजीचं नुकसान होतं. प्रवासी बहुतेक आपलेच, आणि "भैया, एक चाय" म्हटलं की काम भागतं. कानावर थोड्या घोषणा पडतील, तोंड मात्र उघडणार नाही. समुद्र बघायचा असेल तर खुशाल जा, आपल्याकडे तो नाहीच. इंग्रजीच्या खात्यात हा खर्च धरू नका.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतलं अलास्का. या सफरी साधारण सात रात्रींच्या, उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या सिएटल किंवा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघतात आणि ज्यूनो, स्कॅगवे, केचिकन अशा गावांना थांबतात. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत जाणाऱ्या जहाजावर तिथल्या नॅशनल पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चढतात आणि लाउडस्पीकरवरून माहिती सांगत राहतात. हिमनदीचा कडा कोसळताना दिसतो तेव्हाच त्याबद्दलची वाक्यं कानावर पडतात. रेंजर जहाजावरच्या वेटरसारखे जपून, सोपं बोलत नाहीत, पण समोर दृश्य असल्यामुळे निम्मं तरी कळतं. बंदरावरच्या दुकानातही हिंदी मदतीला येत नाही.

किंमत मात्र तशीच. विमानासह खर्च माणशी लाखांत जातो. अमेरिकेचा व्हिसा लागतो, कॅनडाचाही, कारण सिएटलहून सुटणारी जहाजंही सहसा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. मुलगी आधीच अमेरिकेत असेल आणि तिच्याकडे जाणं ठरलंच असेल, तर हा खर्च थोडा हलका वाटतो. नॉर्वेचा किनाराही काही कमी देखणा नाही. तिथली किनाऱ्याची बोटसेवा १८९३ पासून चालू आहे; आता ती बर्गन ते किर्केनेस जाते आणि एकूण ३४ बंदरं घेते. पण तिथल्या गावांची भाषा नॉर्वेजियन, घोषणाही एकापेक्षा जास्त भाषांत. डोळ्यांसाठी नॉर्वे, कानांसाठी अलास्का.

परदेशी जहाजावर जाऊनही इंग्रजी हुकवायचा एक हमखास मार्ग आहे: चाळीस मराठी माणसांच्या ग्रुप टूरबरोबर जाणं. टूर मॅनेजर फॉर्म भरून देतो, तोच वेटरशी बोलतो, आणि आपण जेवणाच्या टेबलावर बसून वांग्याच्या भरताची आठवण काढतो. सुखाची सहल होते, यात वाद नाही.

म्हणून जेवणाच्या टेबलाचं एवढं सांगतोय. बऱ्याच परदेशी जहाजांवर रात्रीच्या जेवणासाठी दोन पर्याय असतात: कधीही या, कुठेही बसा, किंवा रोज ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि बहुधा तोच वेटर. शिकणाऱ्याने दुसरा घ्यावा. पहिल्या रात्री वेटर विचारतो, 'एनी अ‍ॅलर्जीज?' तुम्ही म्हणता, 'ओन्ली व्हेज.' सूप समोर येतं, आणि ते कशाच्या पाण्यात केलंय याची शंका येते. तिथे लागणारं वाक्य असं: 'इज देअर एनी मीट ऑर फिश इन धिस?' आणि वर, 'नो एग्ज आयदर, प्लीज.' दुसऱ्या रात्री तो स्वतःच म्हणतो, 'नो एग्ज, राइट?' तिसऱ्या रात्री दिवस कसा गेला ते विचारतो, आणि तुम्हाला 'वी सॉ अ व्हेल' म्हणावं लागतं. एकाच माणसाशी रोज थोडं पुढे जाणारं असं बोलणं ना व्हिडिओत मिळतं, ना क्लासात. क्रूझची खरी शिकवणी असेल तर ती हीच.

घरी ऐकायच्या धड्यांचा फायदा पैशांपुरता नाही. वाक्य दहादा ऐकता येतं, यूट्यूबवर वेग ०.७५ करता येतो, चुकलं तर लाज नाही. आपल्याकडे घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. यातली हिंदी तरी कुणी क्लास लावून शिकलं का? रोज कानावर पडली आणि आली. पण हे धडे निवडून घ्यावे लागतात. अशा बऱ्याच धड्यांमध्ये निळंशार पाणी, सोनेरी सूर्यास्त आणि मंद वारा यांचीच वर्णनं भरलेली असतात. ती ऐकायला गोड, पण मुलीच्या शेजारणीशी बोलताना त्यांचा उपयोग शून्य. ज्या धड्यात कुणीतरी काही मागतं, विचारतं, नाकारतं, तो ठेवा. 'इज धिस इन्क्लुडेड?', 'व्हॉट टाइम डू वी हॅव टू बी बॅक?', 'कुड यू से दॅट अगेन, स्लोली?' ही वाक्यं जहाजावर जितकी चालतात तितकीच विमानतळावर आणि दवाखान्यातही.

उणीव एकच, पण मोठी. व्हिडिओ उत्तर देत नाही, आणि पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. त्यावर उपाय घरातच आहे. एकाने रिसेप्शनवरचा माणूस व्हायचं, दुसऱ्याने खोलीतला एसी चालत नाही म्हणून तक्रार करायची. काकू रिसेप्शनवर बसल्या की काकांना घाम फुटतो, पण वाक्य पक्कं होतं.

क्लासबद्दल थोडक्यात. बॅचमध्ये बहुतेक मुलं नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारी, आणि पहिले बरेच दिवस काळ आणि क्रियापदांचे तक्ते. साठीच्या माणसाला तिथे अवघडल्यासारखं होतं. पण चूक पकडणारा माणूस फक्त तिथेच भेटतो. 'आय हॅव टू सन्स'ऐवजी 'आय अ‍ॅम हॅविंग टू सन्स' हे आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी पक्कं बसलेलं. जहाजावरचा वेटर ते सुधारणार नाही, तो हसून मान डोलावेल. 'गिव्ह मी वॉटर'चंही तसंच. आपल्या 'पाणी द्या'मध्ये आदर क्रियापदातच आला. इंग्रजीत 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज' म्हणावं लागतं, नाहीतर नकळत हुकूम सोडल्यासारखं वाटतं. लहान बॅच असेल आणि सर बोलायला लावत असतील, तर महिना-दोन महिने जरूर जा. नुसती वही भरत असेल तर सोडा.

मग कुणी काय घ्यावं? रावेर-यावलकडच्या केळी निर्यात करू पाहणाऱ्याने यातल्या क्रूझकडे बघूच नये. त्याला फोनवरचं आणि ईमेलचं इंग्रजी हवं, आणि तसंही त्याची केळी त्याच्या आधी जहाजात चढतात. त्याने क्लास लावावा, शक्यतो एकट्यासाठी. जहाजावर नोकरी शोधणाऱ्या पोरानेही क्लासच, सोबत सुरक्षेचं आवश्यक प्रशिक्षण. आजी-आजोबांनी आधी दोन-तीन महिने घरी ऐकावं आणि एकमेकांशी बोलून बघावं. त्यानंतरही अलास्काचा विचार टिकला आणि मुलगी-जावई सोबत असले, तर बुकिंग करतानाच ठरलेल्या वेळेचं टेबल मागून घ्यावं, कारण त्या जागा लवकर भरतात. आणि जावयाला आधीच बजावून ठेवावं, की ऑर्डर आम्हीच देणार.