चार्जर कायम जोडलेला लॅपटॉप: १०० टक्के, ८० टक्के की काढघाल?

शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीपासून राजारामपुरीतल्या कर सल्लागाराच्या कार्यालयापर्यंत कोल्हापुरातले कितीतरी लॅपटॉप जागचे हलतच नाहीत; सकाळी चार्जर जोडला की तो रात्री कुलूप लागेपर्यंत निघत नाही. अशा वापरात बॅटरी टिकवण्यासाठी लोक साधारण तीन वाटा धरतात, आणि माझ्या मते त्यांपैकी एकच खरोखर कामाची आहे.

पहिली वाट म्हणजे काहीच न करणे. बॅटरी १०० टक्के भरते आणि दिवसेंदिवस तशीच भरलेली राहते. यात ती ‘ओव्हरचार्ज’ होते ही समजूत चुकीची आहे, कारण बॅटरी भरली की आतले सर्किट चार्जिंग थांबवते आणि लॅपटॉप अडॅप्टरच्या विजेवर चालतो. झीज होते ती निराळ्या कारणाने: पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक असते, त्या अवस्थेत इलेक्ट्रोलाइटचे (सेलमधल्या विद्युतवाहक द्रावणाचे) विघटन वेगाने होते, आणि उष्णतेने तो वेग आणखी वाढतो. पेढीच्या गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी कापसात रुतते, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपचा टचपॅड तीन वर्षांनी दाबता दबेना, पुढे झाकणही नीट मिटेना. खालचे आवरण उघडले तेव्हा बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली होती.

दुसरी वाट काढघालीची: ८० टक्के झाले की चार्जर काढायचा, ३० वर आले की पुन्हा जोडायचा. अधूनमधून बॅटरी पूर्ण उतरवण्याचा जुना सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे, आणि या सवयीत त्याचाच अंश उरला असावा. पण प्रत्येक उतार मोजला जातो. दिवसातून दोनदा ५० टक्के खर्च केले की एक पूर्ण सायकल, म्हणजे पूर्ण क्षमतेइतका एक वापर, होतो, म्हणजे वर्षाच्या कामाच्या दिवसांत सुमारे ३०० सायकली, आणि त्याही शेजारी प्लग असताना. अनेक बॅटऱ्यांचे आयुष्य ३०० ते १००० सायकलींचे धरले जाते, हे लक्षात घेतले तर ही कसरत तोट्याचीच ठरते.

तिसरी वाट चार्जिंगला मर्यादा घालण्याची. लेनोव्होच्या व्हँटेज या ॲपमध्ये ‘कॉन्झर्व्हेशन मोड’, आसुसच्या मायआसुस ॲपमध्ये बॅटरीच्या आरोग्याचे पर्याय, डेलमध्ये ‘प्रायमरिली एसी यूज’ आणि एचपीच्या अनेक यंत्रांत बायोसमधली (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधली) बॅटरी आरोग्याची मांडणी ही त्यासाठीच असते. काही यंत्रांत लिनक्सवरही टीएलपी या वीज-व्यवस्थापनाच्या प्रोग्रामने ही मर्यादा ठरवता येते. अनेक यंत्रांत बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबते, सेलवरचे व्होल्टेज उतरते आणि सायकलीही खर्च होत नाहीत.

किंमत मोजावी लागते ती बॅकअपची. पूर्ण बॅटरीवर तीन तास चालणारे यंत्र ८० टक्क्यांवर दोन तास चोवीस मिनिटे चालेल. वळवाच्या पावसात वीज गेली तर टॅलीतली नोंद पूर्ण करून यंत्र नीट बंद करायला एवढे पुरेसे आहे; इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही. दिवसभर बाहेर राहायचे असेल त्याच्या आदल्या रात्री मर्यादा उठवावी आणि परतल्यावर पुन्हा लावावी. जुन्या यंत्रांची बॅटरी काढूनच ठेवण्याची पद्धत मात्र मला धोक्याची वाटते, कारण वीज क्षणभर लपंडाव खेळली तरी यंत्र तिथेच बंद पडते.

मर्यादा लावण्याआधी एक तपासणी करावी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजीचा बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) काढला की मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर गेलेली क्षमता मर्यादेने परत येणार नाही. तिथे आधी नवी बॅटरी बसवावी आणि तिला पहिल्या दिवसापासून ८० वर ठेवावे.