जुन्या मारुती ८०० चे स्टिअरिंग आणि खामल्यातील एक गॅरेज

माझी मारुती ८०० ही २००४ सालची, एमएच-३१ क्रमांकाची गाडी आहे. २०१९ आणि २०२४ अशी दोनदा तिच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले असून सव्वा लाख किलोमीटर धावल्यानंतरही इंजिनाबद्दल तक्रार नाही. तक्रार होती ती स्टिअरिंगची. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी मोकळ्या रस्त्यावर डावीकडे ओढू लागली, चाके सरळ असताना स्टिअरिंग किंचित तिरपे दिसू लागले आणि गतिरोधकावरून उतरताना पुढच्या डाव्या बाजूने ‘खट्’ असा कोरडा आवाज येऊ लागला. चार महिन्यांत तीनदा व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतले. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरे गेले आणि गाडी पुन्हा मूळ पदावर आली. शेवटी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने संपूर्ण स्टिअरिंग रॅकच (स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोचवणारा आडवा दांडा) बदलावा लागेल, असे सांगून जो अंदाजखर्च हातात ठेवला, तो पाहून गाडी मोडीत काढावी, असे घरच्यांचे एकमत झाले.

एका शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी नागपुरातल्या खामल्याच्या आतल्या गल्लीतील एका लहान गॅरेजमध्ये गेलो. त्याला पाटी नाही. कडुलिंबाखाली दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, एक पत्र्याची शेड आणि गाडीखाली उतरून काम करण्यासाठी एक खड्डा, एवढाच त्याचा पसारा आहे. तेथील मिस्त्रींनी अलाइनमेंटचे जुने कागद बाजूला ठेवले आणि आधी पुढच्या टायरवरून आडवा तळहात फिरवला. आतून बाहेर फिरवताना रबर गुळगुळीत लागत होते, बाहेरून आत फिरवताना करवतीसारखे टोचत होते. टो (चाकांची तोंडे आत वा बाहेर वळलेली असण्याचे माप) बिघडलेल्या अवस्थेत गाडी बरेच दिवस चालल्याची ही खूण. नंतर गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवले, मग डावी-उजवीकडे धरून हलवले. वर-खाली हलवताना डावीकडचा बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा गोल सांधा) हलत होता आणि आडवे हलवताना दोन्ही टाय रॉड एंडमध्ये (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे) प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवत होता. हाताखालच्या मुलाला स्टिअरिंगवर बसवून ते दोन बोटे इकडे-तिकडे फिरवायला सांगितले आणि माझा हात एंडवर ठेवून मिस्त्री म्हणाले, “रॅक नाही गेला जी, एंड गेले आहेत. हात लावून पाहा ना.” स्टिअरिंगकडचा दांडा हलल्यानंतर क्षणभर उशिराने चाक हलत होते, हे मला बोटांना स्पष्ट कळले. रॅकचे रबरी बूट (आवरणे) मात्र शाबूत होते आणि आतल्या जोडात ढिलेपणा नव्हता.

या एका तपासणीत माझ्या तीन अलाइनमेंटचा हिशेब लागला. ८०० मध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब) आहे आणि जुळवता येतो तो केवळ टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे किती आत वा बाहेर वळलेली आहेत, एवढेच. एंड आणि बुश (सांध्यांतली रबरी अस्तरे) झिजलेले असतील, तर मशीनवर उभी असताना गाडी बरोबर दिसते, पण ब्रेक लागला किंवा खड्डा आला, की चाक आपली जागा सोडते. या गाडीत स्टॅबिलायझर बारच (दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी सळई) लोअर आर्मला, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याला, पुढे-मागे आधार देतो, त्यामुळे त्याचे स्वस्तातले बुश गेले, तरी गाडी ब्रेकवर ओढते. हे बहुतेक मालकांच्या लक्षात येत नाही, माझ्याही आले नव्हते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गाडी उघड्यावर उभी राहते, तेव्हा रबर कडक होऊन तडकणे ओघानेच आले.

काम काढले ते असे: दोन्ही लोअर आर्म बॉल जॉइंटसकट, दोन्ही टाय रॉड एंड, पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर, त्यांची वरची माउंटिंग (रबरी आधार) आणि स्टॅबिलायझरचे बुश. ‘खट्’ आवाजाचे मूळ डाव्या माउंटिंगच्या फाटलेल्या रबरात निघाले. शॉक केवळ डावीकडचा गळत होता. तरीही दोन्ही बाजूंची पकड सारखी राहावी म्हणून जोडीने बदलण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि तो योग्यच होता. स्प्रिंग दाबण्यासाठी दोरी किंवा तार न वापरता दोन कॉम्प्रेसर लावले, हे नमूद केले पाहिजे, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली, तर माणूस जायबंदी होतो.

मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट मात्र कोणत्याही बिलात लिहिली जात नाही. लोअर आर्मचे बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर असताना केवळ हाताने बसवले, चाके लावली, गाडी जमिनीवर उतरवली, पुढून चार-सहा वेळा दाबून सोडली आणि मगच, गाडीचा पूर्ण भार चाकांवर असताना, खड्ड्यात उतरून ते आवळले. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर बुशचे रबर त्याच अवस्थेत जखडले जाते आणि गाडी खाली आली, की कायमचे पिळलेले राहते. असा नवा बुश वर्षभरातही फाटू शकतो. ही काळजी मी यापूर्वी कुठेही घेतलेली पाहिली नव्हती, आणि माझे आधीचे बुश इतक्या लवकर का गेले, हेही तेव्हा उमगले. एंड बदलताना जुन्याचे आटे मोजून नवा तेवढाच फिरवला आणि नट सुटू नये म्हणून लावायच्या कॉटर पिन नव्या घातल्या.

८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले असले, तरी हे सारे भाग एका दिवसात मिळाले. खर्च असा झाला: शॉकची जोडी ३,४००, लोअर आर्मची जोडी १,९००, माउंटिंग ९००, एंड ७००, बुश ३५० आणि मजुरी २,२००, म्हणजे एकूण ९,४५० रुपये. जुने भाग पिशवीत घालून परत दिले.

उणिवाही आहेत. गॅरेजकडे अलाइनमेंटचे मशीन नाही. ते दुसरीकडे ४०० रुपयांत करावे लागले आणि तेथवर गाडी हळू न्यावी लागली. एका दिवसाचे सांगितलेले काम तीन दिवस चालले, फोन उचलला जात नव्हता, आणि पावती कोऱ्या कागदावर मिळाली, त्यामुळे भागांच्या हमीसाठी दुकानाचे बिल मला स्वतः मागून घ्यावे लागले. बसायला एक मोडकी बाकडी आहे. मे महिन्यात तिथे थांबण्याचा सल्ला मी देणार नाही.

अलाइनमेंटनंतर वर्धा रोडवरच्या ३.१४ किलोमीटर लांबीच्या डबल डेकर पुलावर, वर मेट्रो धावते त्या पट्ट्यात, ताशी ६० च्या वेगाने गाडी नेली. स्टिअरिंग सरळ होते, वळणानंतर आपोआप मधोमध येत होते आणि पुलाच्या सांध्यांवर पुढून केवळ मऊ दणका जाणवत होता. मागून मात्र हलकी खडखड ऐकू आली. ती मागच्या आर्मच्या बुशची असून अजून सहा महिने काढता येतील, असे मिस्त्रींनी गाडी देतानाच सांगितले होते. त्यानंतर दोन हजार किलोमीटर झाले आहेत आणि अलाइनमेंट पुन्हा करावे लागलेले नाही. मागचे काम दिवाळीपूर्वी तिथेच देणार आहे, फक्त या वेळी सुटे भाग आदल्या दिवशी स्वतः आणून ठेवीन.