वाटपाचा दावा आणि नाशिकमधील एक वकिली कार्यालय

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही, म्हणून जिल्हा न्यायालयाजवळच्या या कार्यालयाचे नाव देत नाही. कामाविषयी मात्र सविस्तर लिहिते. आई-वडिलांच्या पश्चात जुन्या नाशकातील वाडा आणि निफाड तालुक्यातील द्राक्षबाग असलेली वडिलोपार्जित शेती यांचे वाटप करायचे होते. हिस्सेदार आम्ही तिघे, दोन भाऊ आणि मी. थोरले बंधू वाटपास तयार नव्हते.

पहिल्या भेटीत ज्येष्ठ वकिलांनी फीचा विषय काढण्याआधी सातबारा, आठ अ (खातेदाराच्या सर्व जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (हक्कांतील बदलांच्या नोंदी) मागितले. माझे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात होते आणि एका जुन्या उताऱ्यावर थोरल्या बंधूंच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी नोंद होती. बंधू जमीन एकट्याच्या मालकीने नव्हे, तर सर्वांच्या वतीने वहिवाटत होते, हे दाखवण्यास पुढे तीच नोंद उपयोगी पडली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती २००५ मध्ये लागू झाली आणि वडील त्यापूर्वीच वारले, सबब बहिणीला हिस्सा नाही, हा प्रतिवादीचा मुद्दाही टिकला नाही. मुलीचा हक्क जन्मसिद्ध असून ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले आहे.

या कार्यालयाची खरी गुणवत्ता दाव्याच्या मसुद्यात दिसते. प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त कोणाचा हिस्सा किती ते ठरते, कोणाला जमिनीचा कोणता तुकडा मिळणार ते ठरत नाही, ही गोष्ट त्यांनी आम्हाला आरंभीच बजावली आणि मसुदा त्याच हिशेबाने केला. ‘सरसनिरस मानाने’, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईट कस पाहून, ‘वाटप होऊन प्रत्यक्ष कब्जा मिळावा’ एवढी ठरावीक मागणी करून ते थांबले नाहीत. विहीर कोणाच्याही वाट्याला गेली तरी इतरांना पाण्याची पाळी आणि मोटारीपर्यंत जाण्याची वाट मिळावी, हे त्यांनी स्वतंत्र कलमात मागितले. पुढे मोजणीच्या कच्च्या नकाशात विहीर थोरल्या बंधूंच्या पोटहिश्शात पडली, तेव्हा या कलमाची किंमत कळली. बंधूंनी स्वखर्चाने लावलेली बाग शक्यतो त्यांच्याच वाट्याला जाईल, अशी अप्रिय पण खरी कल्पनाही वकीलसाहेबांनी आम्हाला आधीच दिली होती.

वाड्याला दर्शनी भाग अरुंद आणि जिना एकच, त्यामुळे त्याचे तीन भाग होणे शक्य नव्हते. अशा मिळकतीसाठी १८९३ चा वाटप अधिनियम आहे: निम्म्या किंवा त्याहून अधिक हिश्शाच्या धारकांनी मागणी केल्यास न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते आणि अन्य हिस्सेदाराला त्यांचे हिस्से न्यायालयाने ठरवलेल्या किमतीस विकत घेण्याची संधी मिळते. धाकट्या भावाने आणि मी मिळून तसा अर्ज केला, आणि वाड्यात राहणाऱ्या थोरल्या बंधूंनी आमचे हिस्से घेतले. इतकी वर्षे बोलणी बंद असलेल्या माणसांत हे काम बिनबोभाट पार पडले, याचे श्रेय मी वकिलांनाच देते.

तक्रारीही आहेत. शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. कागद तिकडे गेल्यावर कार्यालयाचा उत्साह एकदम ओसरला. मोजणीची तारीख आम्हाला त्यांच्याकडून नव्हे, भावकीतून कळली. ज्युनिअर वकील सतत बदलतात आणि प्रत्येकाला प्रकरण पहिल्यापासून सांगावे लागते. फी टप्प्याटप्प्याने आणि पावती देऊन घेतात, परंतु ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली कारकून जे पैसे मागतो त्यांचा हिशेब मिळत नाही, आणि एवढ्या नामांकित कार्यालयाला हे शोभत नाही.

वाडा, शेती, नाकारलेला हिस्सा असे गुंतागुंतीचे प्रकरण असेल तर फी जास्त असूनही येथे जावे. मात्र हुकूमनाम्यानंतर तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातील पाठपुरावा कोण करणार, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी लेखी ठरवून घ्यावे. फक्त शेतीचा प्रश्न असेल आणि सर्व सहधारक राजी असतील तर येथे येण्याची गरजच नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. माझ्या चुलतभावाला हा सल्ला याच वकीलसाहेबांनी दिला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.