कूलंट तपासायचा रिफ्रॅक्टोमीटर: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या मे महिन्यात चिपळूणहून कराडला परत येताना कुंभार्ली घाटात गाडीचा तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडून वर गेला. घरचे सगळे गाडीत, एसी चालू, पुढे रांगत चढणारा ट्रक. एसी बंद केला, हीटर पूर्ण चालू केला, तेव्हा काटा हळूहळू उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून बघितलं तर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी बरोबर, रंग हिरवागार. त्या रंगावर मी आठ वर्षं विसंबून होतो.

मग रिफ्रॅक्टोमीटर मागवला. नऊशे रुपयांच्या आत मिळाला. वितभर लांबीची नळी, एका टोकाला तिरकी काच, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा. काचेवर कूलंटचे दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात, तो आकडा वाचायचा. आत दोन-तीन पट्ट्या शेजारी शेजारी असतात, बॅटरीच्या ॲसिडचीसुद्धा. बहुतेक गाड्यांच्या कूलंटमध्ये पाण्यात मिसळलेलं इथिलीन ग्लायकॉल असतं, त्यामुळे त्याचीच पट्टी वाचा. घेताना सेल्सिअसचा घ्या.

आकडा गोठणबिंदूचा असतो. आपल्याकडे गोठण्याची भीती कुठली, असं वाटेल. पण त्यावरूनच ग्लायकॉलचं प्रमाण कळतं: उणे ३७ म्हणजे निम्मं, उणे १८ म्हणजे साधारण एक तृतीयांश, उणे १२ म्हणजे जेमतेम पाव. माझ्या गाडीचा पहिला आकडा आला उणे ११. दर सर्व्हिसिंगला कोणीतरी नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतत गेलं होतं आणि रंग थोडा फिका होण्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

एक गैरसमज माझाही होता, म्हणून लिहितो. पाणी वाढलं की लगेच गाडी तापते असं नाही. नुसतं पाणी उष्णता जास्तच चांगली वाहून नेतं. त्रास होतो तो पुढे: उकळायचं तापमान खाली येतं, गंज रोखणारी द्रव्यं पातळ होतात आणि जड पाण्यातले क्षार आत बसतात. माझ्या रेडिएटरच्या खालच्या नळ्या पांढऱ्या खपल्यांनी भरल्या होत्या. तो बदलावाच लागला.

नवीन कूलंट भरल्यावर लगेच मोजलं नसतं तर आणखी एक गोष्ट कळली नसती. गॅरेजमध्ये पाण्याने सगळं धुऊन तयार मिश्रण भरलं, तरी आकडा उणे २६ च. इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांमध्ये धुतलेलं पाणी उरतं, ते मिश्रणाला पातळ करतं. थोडं काढून न मिसळलेलं कूलंट घातलं, वीस किलोमीटर गाडी फिरवली, तेव्हा उणे ३५ आला. तेव्हापासून महिन्यातून एकदा मोजतो. पातळी घटली आणि आकडा तोच राहिला, तर कुठेतरी गळती आहे, कारण गळताना पाणी आणि ग्लायकॉल दोन्ही जातात. वाफेने नुसतं पाणी गेलं तर मिश्रण दाट होतं.

वापरताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. उन्हात तापलेल्या डिकीतून काढून लगेच मोजलं की आकडा भरकटतो. तापमान सांभाळून घ्यायची सोय साधारण १० ते ३० अंशांपुरतीच असते, म्हणून सकाळी सावलीत मोजा. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे का बघा. माझी चार महिन्यांत दोनदा सरकली, वरच्या स्क्रूने जुळवून घेतली. डोळ्याकडचं रबर सैल झालंय, ही एक तक्रार. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नका, वाफ आणि उकळतं कूलंट थेट अंगावर येतं. आणि काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात.

याच्या आधी रंगीत गोळ्यांचा स्वस्त टेस्टर वापरून पाहिला होता. किती गोळ्या तरंगतात त्यावरून प्रमाण ओळखायचं, पण त्यांना बुडबुडे चिकटले की त्या उगाच वर येतात. दोनदा मोजा, दोन उत्तरं. तो घेऊ नका.

मात्र रिफ्रॅक्टोमीटर फक्त प्रमाण सांगतो. गंजरोधक द्रव्यं शिल्लक आहेत का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी मी कूलंटसाठीच्या पीएच (आम्लता दाखवणाऱ्या) कागदी पट्ट्या ठेवल्यात. ७ च्या आसपास रंग आला की आकडा कितीही चांगला असो, कूलंट बदलायचं. मॅन्युअलमधली मुदत वेगळी पाळायचीच.

दिवाळीत चिपळूणला मामांची जीप तपासली. आकडा उणे ३४, म्हणजे उत्तम. पण रेघ धूसर दिसत होती. पुसून पुन्हा थेंब टाकला, तरी तशीच. बोटावर घेतलं तर तेलकट लागलं आणि इंजिनात तेल भरायच्या टोपणाखाली दुधाळ साय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात तेल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील, गेलं होतं. मामा दुसऱ्या दिवशी त्याच जीपने कोल्हापूरला निघणार होते. ते एसटीने गेले.