'स्वयंपूर्ण' केबिन आणि करारात नसलेले आकडे

पानशेतच्या पुढे, घाटमाथ्याच्या बाजूला माझ्या पत्नीच्या माहेरची शेतजमीन आहे. विजेचा शेवटचा खांब तिथून दीड किलोमीटर अलीकडे राहतो, नळपाणी योजना पोहोचलेली नाही आणि पावसाळ्यात शेवटचा चढ पायीच चढावा लागतो. निवृत्तीनंतर महिन्यातले दहा-बारा दिवस तिथे राहता यावे, म्हणून आम्ही तीनशे चौरस फुटांची छोटी केबिन बांधून घ्यायचे ठरवले. शेतघराची परवानगी रीतसर काढली होती, त्यामुळे जमिनीच्या बाजूने अडचण आली नाही. (अनेकांची फसवणूक तिथेच, बिगरशेती न झालेल्या गुंठ्यांच्या विक्रीत होते.) आमची फसवणूक छपराखाली झाली.

ज्याला काम दिले त्याचे पुण्यात नीटनेटके कार्यालय होते. वीज, पाणी आणि मैला या तिन्ही बाबतींत बाहेरच्या कोणावर अवलंबून नसलेली केबिन साडेनऊ लाखांत देतो, असे त्याने सांगितले. 1972च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला 'आर्किटेक्ट' हे पद लावता येत नाही आणि हा गृहस्थ सगळीकडे स्वतःला 'डिझायनर' म्हणवत होता, याचा अर्थ मला फार उशिरा उमगला. करार चार पानी होता. 'आवश्यकतेनुसार सौर यंत्रणा', 'पर्जन्यजल संकलनाची सोय', 'जैविक शौचालय', 'दर्जेदार रंगीत पत्रा' असे शब्द त्यात होते. एकाही शब्दापुढे आकडा नव्हता आणि तीस वर्षे हिशेब तपासण्याची नोकरी केलेल्या मला ते खटकले नाही.

काम जानेवारीत सुरू झाले आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात ताबा मिळाला. आकाश निरभ्र होते, टाकी टँकरने भरून दिलेली होती, दिवे लागत होते, फ्रिज चालू होता. त्याने भरपूर छायाचित्रे काढली आणि शेवटचा हप्ता त्याच दिवशी नेला. एकूण चार हप्त्यांपैकी दोन रोख होते आणि त्यांच्या पावत्यांवर जीएसटी क्रमांक नव्हता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात धुके उतरले आणि दुसऱ्याच रात्री फ्रिज बंद पडला. माहितीपत्रकात 'दोन किलोवॉटची यंत्रणा' असे छापलेले होते. पॅनेलच्या मागची चिठ्ठी वाचली तेव्हा कळले की प्रत्येकी 335 वॅटची दोनच पॅनेले आहेत, म्हणजे सगळी मिळून 670 वॅट. 'दोन' हा आकडा इन्व्हर्टरच्या क्षमतेचा होता. इन्व्हर्टर बॅटरीतली वीज फक्त घरातल्या उपकरणांजोगी करून देतो, वीज तयार करत नाही, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, पण बोलण्याच्या ओघात ते सहज निसटते. आपल्याकडे स्वच्छ उन्हात एक किलोवॉटची पॅनेले दिवसाला साधारण चार युनिट वीज देतात. त्या हिशेबाने आमच्या वाट्याला उन्हाळ्यात पावणेतीन युनिट येतात आणि भर पावसात त्याच्या निम्मीही येत नाहीत. बॅटरी एकच, 12 व्होल्ट आणि 150 अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर 1.8 युनिटची. शिसे-आम्लाची बॅटरी टिकायची असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरावी लागते, म्हणून हाती उरते 0.9 युनिट. एकटा फ्रिज दिवसाला जवळपास एक युनिट घेतो.

पाण्याची गोष्ट अधिक चलाखीची होती, कारण तिथे सांगितलेला आकडा खरा होता. छपराच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आमचे छप्पर 28 चौरस मीटरचे आहे, तेव्हा अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तर सत्तर हजार लिटर होतात, आणि हेच गणित त्याने मला वहीत मांडून दाखवले होते. मात्र टाकी दोन हजार लिटरची बसवली. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनपर्यंत सुमारे 230 कोरडे दिवस असतात. दोघांना दिवसाला शंभर लिटर धरले तरी तेवीस हजार लिटरचा साठा हवा. आमची टाकी वीस दिवसांत रिकामी झाली. पाऊस किती पडतो हे मी विचारले होते, पाणी साठणार किती हे विचारलेच नाही.

शौचालयाविषयी 'डीआरडीओचे', म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेचे, 'तंत्रज्ञान' असे सांगण्यात आले होते. तसे जैवपाचक, म्हणजे जिवाणूंकडून मैला कुजवणाऱ्या टाक्या, खरोखरच आहेत, रेल्वेच्या डब्यांतही ते बसवलेले आहेत, पण ते तंत्रज्ञान संस्थेकडून परवाना घेतलेले उत्पादकच देतात आणि परवान्याची प्रत मागता येते. आमच्याकडे जमिनीत पुरलेला प्लास्टिकचा पिंप निघाला, आत कप्पे नव्हते. पहिल्या मोठ्या पावसात तो भरून वर आला. पुढचे लिहीत नाही.

सर्वांत जास्त मनस्ताप पश्चिमेच्या खिडकीने दिला. सूर्यास्त दिसावा म्हणून त्याने तिथे सहा फुटी काच लावली होती. शेजारच्या वाडीतले एक वयस्क शेतकरी काम चालू असतानाच म्हणाले होते, "सायेब, हितं पाऊस वरून न्हाई येत, आडवा येतो." वाडीतल्या घरांच्या पश्चिमेला खिडक्या नाहीत आणि मेअखेर त्या भिंतींना गवताचे आडोसे बांधतात, हे मी रोज पाहत होतो. आमच्या छपराची कड भिंतीबाहेर जेमतेम अर्धा फूट येते. जुलैत पाणी चौकटीतून आत आले, जमिनीची प्लाय फुगली आणि ऑक्टोबरात तिला वाळवी लागली. पत्र्याचा उरलेला तुकडा लेथवाल्याकडे नेऊन मोजला, तर तोंडी कबूल केलेल्या 0.50 ऐवजी 0.35 मिलिमीटर भरला.

"पहिल्या पावसाळ्यात लाकूड बसते, थोडे थांबा," असे ऑगस्टपर्यंत त्या डिझायनरकडून ऐकून घेतले, त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. ग्राहकाने दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल ती प्रकरणे तिथे चालतात, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असल्याने शुल्क फक्त दोनशे रुपये पडले. वकिलांनी करार वाचून बाजूला ठेवला, कारण 'आवश्यकतेनुसार' या शब्दाचा भंग सिद्ध करणे कठीण आहे. त्यांना उपयोगी वाटले ते दोन किलोवॉट छापलेले माहितीपत्रक आणि पॅनेलच्या मागच्या चिठ्ठीचा फोटो. रोख दिलेल्या दोन हप्त्यांचे काय होईल, ते सुनावणीतच कळेल.

त्याच्या जाहिरातीत आमची केबिन अजून झळकते आहे. शेजारी जांभळाचे झाड, मागे निळी टाकी, पश्चिमेच्या काचेत मावळता सूर्य. ही छायाचित्रे ताबा दिला त्या दिवशीची, म्हणजे मे महिन्यातली आहेत.