नांदूर मध्यमेश्वरचा गाईड: चार तारे, पाचवा अडवलाय

नाशिकच्या सिडकोतून पहाटे पाचला नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याकडे निघालो. मी, हे आणि यांचा कुरकुरणारा गुडघा. चापडगावच्या गेटवर गाईड घेतला, आसपासच्याच गावातला पोरगा. पहिलंच वाक्य, "काकू, पांढरी साडी नको होती, पक्षी बुजतात." घ्या!

पण पोराची नजर घारीची. मला नुसता चिखल दिसत होता, तिथे त्याने चमचा, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, सगळं दुर्बिणीत आणून दिलं. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साचत गेला आणि ही दलदल झाली, हे त्याच्याकडूनच कळलं. 2020 साली हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं, तेही त्याने अभिमानाने सांगितलं. मनोऱ्याखाली कुणीतरी स्पीकर लावला, तर हा भांडला नाही. त्यांच्या लेकराच्या डोळ्याला दुर्बीण लावली. गाणं आपोआप बंद!

पाचवा तारा वेळासमुळे अडलाय. कोकणातल्या त्या गावात 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी किनाऱ्यावरच कुंपणात राखतात. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, तिथलंच जेवतात. म्हणजे कासव जगलं तर गावाची चूल पेटते. आम्ही मात्र इथे गाईडचे पैसे दिले आणि मिसळ खायला थेट नाशिकला परतलो. कुणा मावशीने पिठलं-भाकरी दिली असती तर दुपारपर्यंत हललो नसतो.

जानेवारीत भाच्याला घेऊन परत जाणार. साडी मातकट.