कराओके माईकचे आठ महिने, आणि गायला घाबरणाऱ्यांची गाणी

मागच्या गणपतीत मुलांनी गाण्यांचा कार्यक्रम ठरवला म्हणून मी हातात धरायचा, आतच स्पीकर असलेला कराओके माईक घेतला. १८०० रुपये पडले. गणपती गेले, माईक राहिला. मग शनिवारी रात्री जेवणं उरकली की बिल्डिंगमधली आठ-दहा माणसं आमच्या हॉलमध्ये जमायला लागली. त्याला आता आठ महिने होतील. माईकबद्दल खाली लिहिलंय, पण आधी गाण्यांबद्दल लिहिते. माईक चांगला की वाईट हे कळायच्या आत चुकीच्या गाण्यामुळे माणूस खाली बसतो आणि मग कितीही आग्रह केला तरी उठत नाही. हे मी घरातच पाहिलंय.

माझ्या धाकट्या जावेला शाळेत समूहगीताच्या तालमीत बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून ती आरतीतही फक्त टाळ्या वाजवायची. पहिल्याच शनिवारी आम्ही तिला आग्रहानं उभं केलं आणि 'लग जा गले' लावलं. संथ आहे, सगळ्यांना पाठ आहे, म्हणजे सोपं असणार असं आम्ही धरून चाललो. दोन्ही हातांनी माईक छातीशी धरून ती गायला लागली आणि दुसऱ्या ओळीलाच श्वास संपला. माईक सोफ्यावर ठेवून "चहा टाकते" म्हणत आत गेली. चूक तिची नव्हती, गाणं निवडणाऱ्यांची होती.

संथ म्हणजे सोपं, ही समजूत आधी काढून टाका. संथ गाण्यात सूर धरून ठेवावा लागतो, श्वास पुरवावा लागतो, आणि मदनमोहन यांच्या चालीत ओळ सरळ जातच नाही, मधे बारीक बारीक वळणं असतात. 'शुक्रतारा मंद वारा'चंही तेच. अरुण दाते ते इतक्या सहज गातात की आपल्यालाही जमेल असं वाटतं. पण श्रीनिवास खळ्यांची चाल कानाला जेवढी मऊ, तेवढी गळ्यात उतरायला कठीण. ही दोन्ही गाणी माझी अत्यंत आवडती आहेत, तरी नवख्या माणसाला ती पहिल्या दिवशी देऊ नका असं मी हात जोडून सांगेन.

दुसरी गोष्ट पट्टीची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी तीच. कराओकेचा ट्रॅक बहुतेक वेळा मूळ गायकाच्या पट्टीत असतो. लताबाईंची पट्टी तुमची-माझी नाही. बोलताना आपला आवाज जिथे असतो, त्याच्या आसपास गाणं आलं की निम्मी भीती तिथेच जाते. मोबाईलवरच्या कराओके ॲपमध्ये पट्टी वर-खाली करायची सोय असते. तिथला एक आकडा म्हणजे पेटीवरची लगतची एक पट्टी, काळी-पांढरी दोन्ही धरून. आमच्याकडच्या बायकांना लताबाईंची बरीचशी गाणी तीन-चार आकडे खाली आणल्यावरच जमली. तिसऱ्या मजल्यावरचे काका पेटी वाजवतात, त्यांनी एका वहीत प्रत्येकाचं नाव, गाणं आणि त्यासमोर आकडा लिहायला सुरुवात केली. माईक बिघडला तर दुसरा मिळेल, ही वही मात्र आम्ही जपून ठेवलीय.

यात फसवणूक वगैरे काही नाही, बरं का. कराओकेचा जन्मच असा झालाय. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचे वादक क्लबमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करायचे. त्यातल्या एका कंपनीच्या मालकाला त्यांच्या साथीशिवाय गाता येत नसे. त्याला सहलीला जायचं होतं, इनोउएंना जाता येईना, तेव्हा त्यांनी त्याला जमेल अशी साथ टेपवर वाजवून दिली. त्यातूनच १९७१ मध्ये त्यांचं नाणं टाकून चालणारं यंत्र आलं. म्हणजे गाणाऱ्यानं साथीमागे फरफटत जायचं नाही, साथीनं गाणाऱ्याला सांभाळून घ्यायचं, हे त्यात पहिल्यापासून आहे. काकांनी हे सांगितल्यावर पट्टी उतरवायला लाजणारे दोघं-तिघं मोकळे झाले.

आता आमच्याकडे चाललेली गाणी. सुरुवात आम्ही सगळे मिळून 'नाच रे मोरा'नं करतो. १९५३ च्या 'देवबाप्पा'तलं, गदिमांचं, चाल पु. ल. देशपांडे यांची. ओळी एवढ्याएवढ्याशा, चाल फार वर चढत नाही, आणि लहानपणापासून तोंडात असल्यामुळे स्क्रीनकडे बघावंच लागत नाही. स्क्रीनकडे बघावं न लागणं ही फार मोठी सुटका असते. डोळे अक्षरांमागे धावले की सूर हातातून गेलाच समजा.

पुरुषांना मी आधी हेमंतकुमार देते. आवाज खर्जातला, गाणं बोलण्याच्या जवळ. 'है अपना दिल तो आवारा'नं आमच्या बिल्डिंगमधल्या चार जणांना उभं केलंय. मधे माऊथ ऑर्गनचे तुकडे आहेत, तेवढ्यात श्वास घेता येतो. मुकेशही बरे, फक्त सूर जरा खाली सरकला की त्यांच्या गाण्यात तो लगेच उघडा पडतो. किशोरदांची धावती गाणी सगळ्यांना हवी असतात, पण तिथे जोश पुरला नाही तर मजा जाते.

जोडीनं गायचं तर 'गोमू संगतीनं'. 'हा खेळ सावल्यांचा'मधलं, हेमंतकुमार आणि आशाबाई. तू एक ओळ, मी एक ओळ, त्यामुळे कुणावर भार पडत नाही, आणि समोरचे टाळ्यांचा ठेका धरतात. ज्याला एकट्यानं उभं राहायची धास्ती वाटते, त्याला आधी जोडीदार द्या. 'झिंगाट' घोळक्यात छान, एकट्याला मुळीच देऊ नका. शब्द इतके भराभर येतात की धाप लागते.

आता माईक. आवाज हॉलपुरता भरपूर आहे. एकोचं बटण मात्र जपून. पहिले दोन महिने आम्ही ते पूर्ण फिरवून ठेवायचो, आवाज भारदस्त वाटायचा म्हणून. पण एको जास्त झाला की आपला सूर आपल्यालाच ऐकू येत नाही. आता पाव भागावर ठेवतो. माईक ओठांपासून दोन बोटं लांब, आणि वरच्या जाळीला हात लावायचा नाही. जाळी मुठीत धरली की शिट्टी वाजते आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो.

टीव्हीला ब्लूटूथनं जोडला तर शब्द आधी आणि संगीत मागून येतं. नवखा माणूस इथे हमखास चुकतो आणि आपल्याला ताल नाही असं समजतो. वायरीनं जोडल्यावर हा त्रास गेला. बॅटरी सुरुवातीला पाच तास जायची, आता जेमतेम दोन. चार्जिंगची पिन सैल झालीय. विकणाऱ्याला तीनदा लिहिलं, उत्तर नाही. म्हणून माईकला पाचपैकी साडेतीन. याच पैशात पुन्हा घ्यायचा झाला तर घेईन, पण पावती आणि वॉरंटी नीट बघून.

जाऊ दिवाळीपर्यंत नुसती ऐकत बसायची. मग एका शनिवारी मंडळी निघून गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ताई, ते 'अजीब दास्तां' खाली घेऊन लावता?" उणे चारवर लावलं. दाराच्या चौकटीला टेकून, भांडी पुसायचं फडकं खांद्यावर तसंच ठेवून, तिनं ते शेवटपर्यंत म्हटलं. मी मधे एकही शब्द बोलले नाही. पुढच्या शनिवारी तेच गाणं सगळ्यांसमोर म्हटलं, त्याच आकड्यावर. तीन महिने ती तेवढं एकच गाणं गात होती आणि कुणी दुसरं सुचवलं नाही. ते फार बरं झालं.

परवा तिनं वही मागून घेतली, आपल्या नावासमोरचे उणे चार खोडले आणि उणे तीन लिहिले.